किल्ल्यांना बांधलेला रुमाल

ट्रेनिंगला माझंच नाव जाणार, हे मी धरून चालले होते. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मनोरुग्णांच्या कुलूपबंद वॉर्डात मी सगळ्यांत जुनी सिस्टर. नाव गेलं सिरोंच्याहून बदलून आलेल्या नवीचं. माझा असा जळफळाट झाला की मी तिच्या डब्यातली भाजी घेणंसुद्धा सोडलं.

ट्रेनिंगहून ती परत आली नि आम्हालाच शिकवू लागली. विषय स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. अशा माणसाला कधी आवाज, कधी उजेड, कधी स्पर्श सहन होत नाही; अंगावर येतो तेव्हा पुष्कळदा तो घाबरलेला असतो, म्हणे. मी मागच्या बाकावर बसून जांभया दिल्या.

आमच्या वॉर्डाची रीत अशी, की दार उघडण्याआधी किल्ल्यांचा जुडगा गजांवर खणखण वाजवायचा, म्हणजे पेशंट मागे सरतात. मोहर्लीचा एक तरुण मात्र त्या आवाजाला कान दाबून दारावर धावून यायचा. बोलायचा कोणाशीच नाही. त्याला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांना नुकतंच कळलं होतं. शांत राहिला तर घरी. पुन्हा धावला तर दूरच्या मोठ्या इस्पितळात, असं ठरलं. त्याची आई दर भेटीला विचारायची, "बाई, माह्या पोराले घरी कधी सोडता?" मला विचारायची, दुसऱ्या कोणाला नाही.

नवीने आपल्या किल्ल्यांना रुमाल गुंडाळला. दाराशी थांबून हळू सांगायची, "आता कुलूप उघडणार. मग जेवण." त्याने कानांवरचे हात काढले. पुढं तर तिच्यासमोर बसून जेवू लागला. आईने रानातून आणलेली टेंभराची फळं तिच्या हातात पडली, मला नुसता जय भीम.

"पिकतं तिथे विकत नाई," मी घरी नवऱ्याला ऐकवलं.

"मंग तू बी बांध ना रुमाल."

"तिची नक्कल मी काऊन करू?"

आणि नेमकं डॉक्टर त्याला बघून निर्णय देणार, त्या सकाळी नवी तापाने घरी. वॉर्ड माझ्याकडे. खरं सांगते, मनात आलं, वाजवावा जुडगा. एकदाच. कळू दे सगळ्यांना तिच्या ट्रेनिंगमध्ये किती दम आहे ते. पण बाकावर त्याची आई बसलेली, मांडीवर पोराचा नवा शर्ट. मी चडफडत रुमाल काढला नि किल्ल्यांना गुंडाळला.

"आता कुलूप उघडणार," मी म्हणाले. तो जागचा हलला नाही. दार उघडल्यावर त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, नि मी पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला.

"थे बाई कुठी हाय?"

"ताप आला तिले."

तो खाली बसला, जेवला. डॉक्टरांनी त्याला बघून सुट्टीच्या कागदावर सही केली. दुपारी मायलेक बसने गेले. मी नवीला फोन करून कळवलं, पोरगा घरी गेला. ती रडलीच आनंदाने. तो काय बोलला ते मात्र मी तिला सांगितलं नाही. अजूनही नाही.