बारा सारख्या राशी

मी शेतावरून आले की बाबा दारातच विचारायचे, "मग, कुठला जिंकणार?" खारजमिनीत भाताच्या तीन जातींपैकी जास्त कोणती पिकते, हा माझ्या पीएचडीचा विषय. गव्हाणच्या एका काकांच्या शेतात प्रत्येक जातीचे चार, असे बारा वाफे लावले होते.

कापणीच्या आठवड्यातच बाबा गेले. काकांनी फोन केला, "बाय, तुमच्या घरात सुतक. तुमी नका येव, आमी करतो सगला." कापणी, झोडणी, वजनं सगळं त्यांनीच केलं आणि बारा आकडे कागदावर लिहून पाठवले.

तेराव्यानंतर सुकापूरच्या घरी लॅपटॉप उघडला. एका रकान्यात जात, दुसऱ्यात वजन. मग सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा हे सांगणारी चाचणी: कंपेअर मीन्स, वन-वे अनोव्हा, ओके. तिन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या. 'लक्षणीय फरक नाही' असं लिहून मी मोकळी झाले. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते.

तक्ता पाहून माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "जातीजातींत फरक नाही, एकवेळ मान्य. पण एकाच जातीच्या चार वाफ्यांतही नाही? खाडीकडचा वाफा आणि वरचा वाफा सारखाच पिकतो होय गं?" अनोव्हा जातीजातींतला आणि एकाच जातीतला, या दोन फरकांचीच तुलना करते, हे मी स्वतः ज्युनियर मुलींना शिकवत आले होते.

गव्हाणला गेले. काका ओटीवर बसले होते. विचारल्यावर सहज म्हणाले, "खाडीकडच्या राशी बारीक हुत्या. मोठ्या राशीतला काढून त्यात टाकला, बाराच्या बारा सारक्या केल्या. आमी भाव-भाव भात असाच वाटून घेतो. वाटनीत कमी-जास्त बरा नाय. त्यात तुमच्या घरात दुख."

वर्षभराचं मुसळ केरात. पुन्हा पेरावं म्हटलं तर शेत बिल्डरने घेतलेलं, बांधावर पत्रेही लागले होते. राग यायला हवा होता, आला नाही. काकूंनी दिलेला चहा प्यायले. निघताना काकांनी त्याच भाताच्या तांदळाची पिशवी हातात दिली.

घरी येऊन एका जातीचे चार आकडे वाढवून पाहिले. पुन्हा ओके दाबलं, आणि हवा होता तो फरक लगेच आला. इतकं सोपं. मग सगळं पुसलं आणि मॅडमना खरं काय ते कळवलं.

दुसऱ्या दिवशी आईने तोच भात केला. वाढता वाढता म्हणाली, "यातला जिंकला कुठला गं शेवटी? सारखे विचारायचे."

"कळलंच नाही," मी म्हटलं. आणि कळलं असतं तरी दारात कुणी विचारणार नव्हतं. तोंडात घास असतानाच मला रडू फुटलं. आईने ताटावरचा हात मागे घेतला आणि तीही रडली.