दिवाणसाहेबांचं कपाळ

उरणच्या आमच्या वाचनालयात, दारासमोरच्या भिंतीवर दिवाणसाहेब बसलेले असत… शंभर वर्षांपूर्वीचे, कुठल्याशा संस्थानाचे कारभारी, आणि चित्रकाराने त्यांना इतकं खरं रंगवलं होतं की हातावरच्या शिरा, डोळ्यांखालच्या पिशव्या, गालावरची चामखीळ, शालीची विरत चाललेली जर — सगळं हाताला लागेल असं वाटायचं. जुने कागद, खाडीचा खारा वारा आणि तैलरंग यांचा मिळून तिथे एक वास होता. कुठे जुनं पुस्तक उघडलं की तो अजून येतो.

माझे बाबा तिथले शिपाई. आई मला कळायच्या आधीच गेलेली, म्हणून शाळा सुटली की मी तिथेच. दिवाणसाहेबांच्या पुण्यतिथीला वाचनालयाचे कार्यवाह तात्या चित्राला हार घालत आणि अंगठ्याने त्या रंगवलेल्या कपाळावर ओलं गंध लावत. आता तुम्हीच सांगा, घरातल्या फोटोला काच असते, गंध लावा नाहीतर पुसा. इथे काच कुठली! पण तात्यांना सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी बाबा मऊ पंचा घेऊन, लेकराची जखम टिपावी तसं ते गंध टिपून काढत.

त्या वर्षी बाबांना ताप होता. ते बाकावर जरा आडवे झाले आणि मी — आठ वर्षांची, शाबासकीची भुकेली — स्टुलावर चढले. गंध वाळून घट्ट बसलेलं. मग पितळेची भांडी घासतात तशी राख घेतली, काथ्या ओला केला, आणि घासलं. गंध निघालं… कपाळही निघालं. आतून गोणपाटासारखं भुरकट कापड दिसायला लागलं.

संध्याकाळी पेपर वाचायला आलेली सगळी मंडळी गोळा झाली.

"कोणी केलं हे?" तात्या ओरडले.

बाबांनी एकदाच माझ्या हातांकडे पाहिलं. "मीच पुसलं, साहेब. हात जड हाय माझा."

"नाक घास दिवाणसाहेबांसमोर! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तापाने फणफणलेले माझे बाबा फरशीवर वाकले. मागून कोणीतरी म्हणालं, "दिवाणांचं कपाळ फुटलं, आता शिपायाचं फुटू दे!" आणि सगळे हसले… मीही हसले हो. सगळे हसत होते म्हणून हसले. नाक घासता घासता बाबांनी मान वर केली, तेव्हा माझे दात दिसत होते.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या नखांतली राख काडीने काढली. त्यानंतर मी कशालाही हात लावायला गेले की म्हणायचे, "तू ऱ्हाऊ दे." भाकरी, कंदील, स्वतःचं धोतर… शेवटच्या दुखण्यात मी त्यांचं तोंड पुसायला गेले, तर हाताने माझा पदर बाजूला सारला. "तू ऱ्हाऊ दे."

आता जुईनगरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा फोटो आहे, चांगला काचेचा. सून दरवर्षी म्हणते, "आई, आधीचं गंध पुसा ना, मग नवं लावा. काच आहे, काय होतंय?" मी हो म्हणते आणि जुन्यावरच नवं लावते. थरावर थर चढलेत, पिवळे, भेगाळलेले…

बाबांचं कपाळ आता दिसत नाही.