सगळ्या बोटींची एक नळी

आल्डरबीच्या वळणावर कालव्याकाठी विटांची एक बैठी इमारत आहे. पाण्याचे नळ, दोन न्हाणीघरं, कचऱ्याचे डबे आणि मागच्या अंगाला बोटींवरच्या संडासाच्या पेट्या रिकाम्या करायची मोरी. हे सगळं डिलिस प्रॉथरो सांभाळायची. साठी ओलांडलेली, ठेंगणी, आवाज खणखणीत. तिची मोरी इतकी लख्ख असायची, की नवखा बोटवाला पेटी हातात घेऊन दारातच घुटमळायचा.

"ओत की रे, चर्चमध्ये आलायस का?" ती आतून ओरडायची.

बोटींवरच राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना तिचं कौतुक होतं. पण जेवताना मिठाचं असतं, तेवढंच.

मग त्या वसंतात कालव्याचा बांध फुटला. मी न्याहारीला बसलो होतो, तेवढ्यात चहाचा कप आपोआप टेबलावरून घसरला. बाहेर येऊन बघतो तर पाणी शेतांतून धावत सुटलेलं, आणि आमच्या बोटी एकेक करून चिखलात बसून कलत चाललेल्या. जिवाला कुणाच्या धक्का लागला नाही. पण बोटी हलेनात म्हटल्यावर टाक्या भरायला त्या नळापर्यंत नेणार कशा? टाक्यांनी तळ गाठला, संडासाच्या पेट्या भरत आल्या. काठाची पायवाट अरुंद, पाण्याची गाडी तिथे येईना.

दुसऱ्या दिवशी डिलिस काठाकाठाने हाका मारत आली. "आपापल्या पाण्याच्या नळ्या काढा बाहेर!"

"कशाला?"

"जोडायला. पार ऑस्बर्टच्या बोटीपर्यंत."

आम्ही हसलोच. म्हातारा ऑस्बर्ट ट्रँटर सगळ्यांच्या टोकाला, नळापासून अर्धा मैल तरी लांब.

"माझी नळी नवीकोरी आहे," शेजारच्या बोटीवरचा केस्टर कुरकुरला.

"मग फ्रेम करून लाव भिंतीवर, आणि तहान लागली की बघत बस."

केस्टरने नळी आणून दिली.

हिरव्या, पिवळ्या, जाड, बारीक नळ्या. जिथे तोंडं जुळेनात, तिथे ती गुडघे टेकून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून बांधायची. मी पट्ट्या कापून देत होतो. माझी कंबर धरली. ती मात्र पुढच्या सांध्याकडे निघालेली.

ऑस्बर्टला दम्याने उठवत नव्हतं. कललेल्या बोटीत तो भिंतीला टेकून बसला होता. डिलिस संडासाच्या पेटीकडे वळली तसा तो गुरगुरला, "हात लावू नकोस. माझं मी बघेन."

"काय बघशील? उठून दाखव."

"लाज वाटते गं, डिलिस."

"अख्ख्या कालव्याचं उचलते मी. तुझंच तेवढं अत्तर निघणार होतं होय?"

तो खोकला येईपर्यंत हसला. तिने पेटी उचलली, ढकलगाडीवर बांधली आणि त्या खाचखळग्यांतून मोरीपर्यंत नेऊन, धुऊन परत आणली.

मग नळ सुटला. "सोडलं!" ही आरोळी बोटीबोटीने आमच्यापर्यंत आली. नळीच्या तोंडातून आधी नुसती हवा फुसफुसली. ऑस्बर्ट किटली धरून बसलेला. मग करंगळीएवढी धार आली, थरथरत, पण अखंड. अर्धा मैल ते पाणी तहानलेल्या दारांसमोरून आलं होतं. वाटेत कुणी एक सांधासुद्धा सोडवला नव्हता. "शेवटच्याला आधी," एवढंच ती म्हणाली होती. मी त्या धारेकडे बघतच राहिलो. डिलिस शेजारी उकिडवी बसून सांधा गळतोय का ते बघत होती.

बांध दुरुस्त होईपर्यंत ती रोज त्या वाटेने ढकलगाडी घेऊन फिरली. अखेर कालव्यात पाणी सोडलं, बोटी डुलत उचलल्या गेल्या, काठावर जो तो नाचायला लागला. डिलिस कुठे दिसेना. शोधत गेलो तर ती न्हाणीघराची फरशी घासत होती.

"अगं, बोटी तरंगल्या! बघायला नाही यायचं?"

"बाजूला हो, चिखलाचे पाय घेऊन उभा राहू नकोस," ती म्हणाली. "आता सगळे आंघोळीला येतील."