आधी उलटी बाजू दाखव

देखणा आलेख बघितला की माझे पीएचडीचे मार्गदर्शक आप्पा सर यांना किळस यायची. भाजीत केस निघाल्यासारखं तोंड करायचे आणि म्हणायचे, "शी! आधी उलटी बाजू दाखव." वडगावच्या विणकराच्या घरातले ते. साडी हातात आली की आधी उलटी करून तुटलेल्या धाग्यांच्या गाठी बघायच्या, ही घरची सवय. आमच्या पदार्थविज्ञानात उलटी बाजू म्हणजे यंत्रातून आलेले कच्चे आकडे.

बेळगावातल्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा पंखा धड फिरत नसे, आणि हा माणूस परदेशातला क्वांटम सिम्युलेटर, म्हणजे अणूंवर प्रयोग करणारं यंत्र, इंटरनेटवरून चालवायचा. अणूंची एक रांग, तिच्यात दोन ठिकाणी खळबळ. त्या दोन खळबळी जितक्या लांब जातील तितकी त्यांच्यातली ओढ वाढते, म्हणून त्या सुटून रांगभर पसरत नाहीत. हे बंदिस्तपण आम्हाला दाखवायचं होतं आणि माझी पीएचडी त्यावरच लटकलेली.

प्रयोगाच्या बऱ्याच फेऱ्यांत खळबळ खुशाल रांगभर पसरत होती. त्या फेऱ्या 'यंत्राचा गोंगाट' म्हणून मी गाळून टाकल्या. उरलेला आलेख इतका सुबक दिसला की विभागप्रमुखांनी कुंदा वाटला.

आप्पा सरांनी कुंद्याला हात लावला नाही. गाळलेल्या फेऱ्या मागवून घेतल्या आणि दुपारभर बघत बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "धागा तुटला की माग थांबवायचा असतोय रं," एवढंच म्हणाले. "तू थांबवला न्हाईस." शोधनिबंधावरचं स्वतःचं नाव त्यांनी काढलं. माझं काढायचं की नाही, ते माझ्यावर सोडलं.

मी काढलं नाही. सरांच्या जागी प्रमुखांचं नाव आलं, निबंध छापला गेला, मी डॉक्टर झालो. थू! सरांच्या निरोप समारंभात याच प्रमुखांनी त्यांच्या सचोटीवर लांबलचक भाषण ठोकलं आणि मी टाळ्या वाजवल्या. सरांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढली, उलटी केली, सवयीने बोट फिरवलं आणि पिशवीत कोंबली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. परवा उचगावची एक विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. कुठे डाग नाही, कुठे वाकडं नाही. सरांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. तेवढ्यात तिने माझा छापील निबंध शेजारी ठेवला आणि आनंदाने म्हणाली, "बघा सर, अगदी तुमच्यासारखा आलाय."

मी 'छान' म्हणालो आणि सही केली.