सोपानने निवडलेली बॅटरी

सोपान मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो.

कृष्णाकाठचं आमचं गाव सांगलीपासून नऊ किलोमीटरवर आहे आणि माझं बॅटऱ्यांचं दुकान शहरात, विश्रामबागेत. बावीस वर्षं मी बॅटऱ्या विकतोय. हा माणूस अठरा वर्षं फौजेत इंजिनच्या बोटी चालवून आला, नंतर नदीवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करत बसला, आणि तो मला बॅटरी शिकवणार. कुणाच्या घरी चहा पिणार नाही, कुणाला बरं वाटेल असं बोलणार नाही. कपाळावर कायमची आठी.

पुरासाठी ग्रामपंचायतीनं बोट घेतली. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, चालवायला सोपान. बॅटरीचा विषय निघाला तेव्हा मी भर सभेत दीडशे अँपिअरची, घरच्या इन्व्हर्टरला असते तसली उंच बॅटरी सुचवली. मोठी, दणकट. सरपंच लालासाहेबांना ती पटलीही होती. तेवढ्यात मागून सोपान उठला.

"नानासो, ही रातभर दिवा जाळायची बॅटरी हाय. इंजनाला दोन-तीन सेकंदात सगळी ताकद लागती. धाकटी चालंल, पर स्टार्टिंगची पायजे. तुमी दुकानदार, तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

सगळी सभा हसली. माझी कानशिलं तापली, कारण मला माहीत होतं. दीडशेची एक बॅटरी दुकानात वर्षभर पडून होती आणि ती मला खपवायची होती. सोपानचं घर बुद्धविहाराला लागून आहे. हेच आमच्या आळीतला कुणी बोलला असता तर मला इतकं लागलं नसतं, हेही खरं आहे.

पंचायतीनं निवड त्याच्यावरच सोपवली. मग तो मिरजेला गेला. तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक बॅटरी फिरवून कोणत्या महिन्यात तयार झाली ते वाचायचा, मीटर लावायचा आणि नको म्हणायचा. दुकानदार मला फोन करून त्याला शिव्या देत होते. शेवटी शंभरची घेऊन आला आणि बोटीत लोखंडी पट्टीनं आवळून बसवली, हादऱ्यानं हलू नये म्हणून. त्यानंतर त्या बॅटरीला कुणाला हात लावू देईना. गणपतीच्या पोरांनी लायटिंगला मागितली, दिली नाही. सरपंचांच्या नातवाच्या वाढदिवसाला मागितली, दिली नाही. दर महिन्याला चार्ज करायचा, पाणी बघायचा, टर्मिनल पुसायचा. बायकोला एवढं जपलं असतं तर ती माहेरी निघून गेली नसती, असं मी चारचौघांत बोललो. ती माहेरी गेली नव्हती, वारली होती. तेही मला माहीत होतं.

त्या पावसाळ्यात पूर आला. एके सकाळी लाइट गेली, सांगलीचा रस्ता पाण्याखाली होता. माझी आई रंगुबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी दुपारपर्यंत संपत आली. विश्रामबागेत दुकानभर बॅटऱ्या, आणि घरात दुसरी नाही. शाळेपाशी बोट बांधलेली होती, तिथं मी गेलो आणि सोपानकडं बॅटरी मागितली.

"बॅटरी न्हाई मिळायची. तुमची मशीन दोन-तीन तास चालंल, मंग बोट बी बंद. काकूला घिऊन या. आत्ता पलीकडं सोडतो, तितं ॲम्ब्युलन्स हुबी हाय."

याहून सरळ उपाय नव्हता. पण त्याच्या बोटीत, त्याच्या मेहेरबानीवर बसायला माझं मन तयार होईना. पाणी आमच्या गल्लीत येणार नाही, असं म्हणून मी परतलो. तासाभरानं तो बोट शाळेपाशीच ठेवून वस्तीतली माणसं पायी शाळेत हलवत होता, तेव्हा मी पाना घेऊन बॅटरी काढली आणि पोत्यातून घरी नेऊन इन्व्हर्टरला जोडली. आईचं मशीन अडीच तास चाललं. मग बंद पडलं, आणि पाणी गल्लीत शिरलं.

रिकामी बॅटरी मी गुपचूप जागेवर ठेवली आणि आईला खांद्यावर घेऊन आलो. बोटीत आणखी अकरा जण बसले होते. सोपाननं बटण दाबलं, नुसता टक असा आवाज आला. त्यानं टर्मिनलला हात लावला. नट मी घाईत नीट आवळले नव्हते. त्यानं वर बघितलं, फक्त माझ्याकडं, आणि इंजिन हातानं फिरवायचं हँडल उचललं. तिसऱ्या झटक्याला इंजिन उलटं फिरलं आणि हँडल त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. चौथ्यांदा त्यानं डाव्या हातानं फिरवलं आणि इंजिन लागलं. आई वाचली.

गावात बोभाटा झाला की सोपाननं निवडलेली बॅटरी ऐनवेळी फुकट गेली. तो एवढंच म्हणाला की बॅटरी उतरली होती. लालासाहेबांनी बोट त्याच्याकडून काढून घेतली. मी महिन्यानं त्याच्या दारात गेलो. माझं नाव का घेतलं नाहीस, म्हणून विचारलं. त्यानं बसा म्हटलं नाही. प्लास्टरमधला हात छातीशी धरून दारातच उभा राहिला.

"नाव घेतलं असतं तर गावानं तुमाला फोडलं असतं. मंग काकूकडं कोन बघनार? तुमच्यासाठी न्हाई गप बसलो."

आणि दार लावलं. मला त्याचे उपकार वाटायला हवे होते. मला राग आला, आणि तो कित्येक महिने गेला नाही.

मे महिन्यात पुन्हा सभा झाली. नवी बॅटरी घ्यायची होती. लालासाहेब म्हणाले, या वेळी नानासोंची मोठीच घेऊ, धाकटीचा अनुभव आलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती मोठी एरवी इंजिन चालू करेलही, पण भिजलेल्या, गार इंजिनाला नेमक्या वेळी दगा देईल हे मला ठाऊक होतं. धाकटीच घ्या म्हणावं, तर लोक कारण विचारणार. आई अजून मशीनवर होती, आणि पावसाळा महिन्यावर आला होता.

मी उठलो. म्हणालो, "ती बॅटरी खराब नव्हती. मी चोरून घरी नेली होती."

कुणीतरी आईवरून शिवी दिली. एक चप्पल माझ्या खांद्याला लागून खाली पडली. सोपान भिंतीला टेकून बसला होता, त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वाकडं जुळलेलं मनगट मांडीवर ठेवून तो ग्रामसेवकाला म्हणाला, "लिवा. स्टार्टिंगची, शंभरची. आन बॅटरीच्या पेटीला कुलूप."