साडूंबरोबर एसटीनं चांदोलीला

माणसाला दमवायची कला आमच्या थोरल्या साडूंइतकी उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला साधलेली नाही. पैलवान निदान आखाड्यात उतरवून दमवतात. हा माणूस एसटीच्या बाकावर बसवून दमवतो. वारणानगरला असतात. गुडघे कामातून गेलेत, पण पायाची भिंगरी काही थांबत नाही, आणि तोंडाची तर नाहीच नाही. शेजारी कुणी टेकला रे टेकला की "पावणं, गाव कुठलं?" पुढचा थांबा यायच्या आत तो यांच्या चुलतआत्याच्या जावेचा भाचा निघालाच पाहिजे. एकदा तर फरशी बसवणाऱ्या एका राजस्थानी कारागिराचं सोयरपण काढायला बसले. तो बिचारा आपला थांबा यायच्या आधीच उतरून गेला.

साडूंचा जन्म चांदोलीच्या जंगलातला. म्हणजे तेव्हा तिथं गाव होतं. पुढं धरण झालं, राष्ट्रीय उद्यान झालं, गाव उठलं. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, "पाय चालत्यात तवर एकदा घर बघून यायचं." माझा मुलगा गाडी घेऊन तयार होता, तर साडू त्याच्यावरच उखडले. "गाडीतनं जायला मी काय टुरिस्ट हाय? सोताच्या गावाला चाललोय की!" आणि सोबतीला मी, कारण मेव्हणी त्यांना एकटं सोडेना. माझ्या कंबरेचा विचार कोण करतो!

पहिल्या खेपेला शेजारच्या म्हाताऱ्याचं नातं लागलं आणि त्याच्या घरी चहाला उतरावं लागलं. आमच्याकडं चहाला म्हणजे जेवायलाच. पाहुणा उपाशी गेला तर घरच्या बाईला चारचौघांत मान वर करता येत नाही, आणि नको म्हणावं तर आपण माजलो. तांबडा रस्सा होईस्तोवर पुढची एसटी गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच, फक्त गाव वेगळं आणि रस्सा जरा जास्त तिखट. दोन्ही वेळा मी ढेकर देत, कंबर धरून परत आलो. "जंगल कुटं पळून जातंय?" साडू म्हणाले. "जंगल न्हाय, माझा जीव जातोय!" मी म्हणालो.

तिसऱ्या खेपेला मी त्यांना खिडकीशी कोंबलं आणि मध्ये स्वतः बसलो, म्हणून एकदाचे पोचलो. उन्हातून चालत उद्यानाचं फाटक गाठलं, तर रखवालदार म्हणाला, "चालत आत सोडत न्हाय, अण्णा. गवं हायत, बिबट्या हाय. गाडी पायजे."

"आरं, मी हितलाच हाय."

"असशीला की. पर नियम हाय."

साडू मटकन खाली बसले. मला इतका संताप आला होता की मुलाच्या गाडीवरून चांगलं सुनावावंसं वाटलं. पण त्यांचं तोंड बघितलं आणि पाण्याची बाटली तेवढी त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात जयसिंगपूरच्या एका व्यापारी कुटुंबाची जीप आली. साडू गुडघ्यावर हात दाबत उठले आणि हात जोडून म्हणाले, "दोघास्नी जागा हुईल का?" त्या बाईंनी लगेच पोरांना मांडीवर घेतलं. आत जाईपर्यंत साडूंनी कुणाला गाव विचारलं नाही की आडनाव.

जिथं उतरायला परवानगी होती, तिथून त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. घर कसलं! करवंदीच्या जाळीत निम्मं बुडालेलं दगडी जोतं. साडूंनी काठीनं काटे बाजूला सारले, चपला बाहेर काढल्या, खांद्यावरचा टॉवेल दगडावर अंथरला आणि मला म्हणाले, "बसा. ह्यो आमचा सोपा, पावणं बसवायची जागा."

मी बसलो. इतक्या वर्षांत त्यांनी मला किती घरांत पाहुणा म्हणून नेलं होतं. त्यांच्या खऱ्या घरी मी पहिल्यांदाच आलो होतो.

"च्या न्हाय मिळायचा," ते ओशाळून म्हणाले. "आई असती तर तुमास्नी असं कोरडं बसवलं नसतं."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी उठू लागलो, तशी साडूंनी माझा हात घट्ट धरला.

"आल्या आल्या उटू नये, पावणं. घरची मानसं काय म्हंतील?"

मग आम्ही दोघं अजून जरा वेळ बसलो.