शेजारच्या जिन्यानं

रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा मापं घेणारी माणसं आली आणि आमच्या भिंतीवर लाल रेघ मारून गेली. रेघेच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं रस्त्याचं. मशीन येऊन वेडंवाकडं तोडण्यापेक्षा आपणच नीट तोडून घ्यावं म्हणून आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी मिस्त्री लावले. खाली ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, वर आम्ही दोघं राहतो. ह्यांनी मिस्त्रीला घेऊन दुकान चारदा मोजलं. शटर कुठं येईल, काउंटर कुठं बसेल, सगळं बराबर. तोडायच्या दिवशी मी वर भाकरी करत होते. धाडधाड आवाज थांबला, धूळ खाली बसली, तेव्हा कळलं की पुढच्या भागाबरोबर जिनाही गेला. जिना पुढंच होता. शटर वाचवायच्या नादात तो कुणाच्या ध्यानातच आला नव्हता.

मी वरून विचारलं, "आता मी कुठून उतरू?"

ह्यांनी मिस्त्रीकडं बघितलं, मिस्त्रीनं वर माझ्याकडं.

"लोखंडी जिना टाकतो, वहिनी. आठ दिवसांत लावून देतो. बिलकुल फिकीर करू नका."

तोवर एक शिडी लावली. हे जेवायला शिडीनं वर यायचे. भाजी आणि दूध दोरीला बांधलेल्या टोपलीतून यायचं. मी काही उतरले नाही.

खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन दिवस मला बरंच वाटलं. पुढची खोली रस्त्याच्या बाजूनं उघडी पडली होती, तिथं आम्ही ताडपत्री बांधली. तिच्या फटीतून मी तासन्‌तास बघत बसायचे. समोरची घरंही अशीच अर्धी तुटली होती आणि त्यांच्या आतल्या भिंती उन्हात आल्या होत्या. एक पोपटी, एक गुलाबी. तिसऱ्या घरातली खोली चक्क जांभळी निघाली. त्या घरातले आजोबा पांढऱ्या कपड्यांशिवाय कधी दिसले नाहीत, मग जांभळा रंग कुणी पसंत केला असेल? एका भिंतीत देवाचा कोनाडा होता, त्याच्यावर दिव्याच्या काजळीचा लांब डाग. एका घराची मोरी अर्धीच उरली होती, पण नळ तसाच होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी रस्त्यावर गळत होतं. इतकी वर्षं मी ह्या लोकांच्या समोर राहिले आणि एकाच्याही घरात कधी गेले नव्हते. माझ्याच्यानं कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं होत नाही. आता त्यांची घरं आपणहून बाहेर आली होती.

पाचव्या दिवशी बदनापूरहून लेकीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिची ओटी भरायची होती, पहिलंच बाळंतपण. "आई, सासूबाईंना सांगून ठेवलंय, तू आल्याशिवाय मी पाटावर बसणार न्हाई."

मी ह्यांना सांगितलं.

"मंग शिडीनं उतर ना. मी चढून राह्यलो का न्हाई रोज?"

"तुम्ही पँट घालता."

"मी खाली धरतो की शिडी."

"तुम्ही धराल. चहाच्या टपरीवरची माणसं बघतील त्याचं काय?"

"त्यांना काय कामं न्हाईत का? बरं, शेजारच्या काकूंना विचार. त्यांचा जिना मागं हाय."

त्यांची गच्ची आणि आमची मागची गच्ची ह्यांच्यात कमरेएवढी भिंत आहे. उन्हाळ्यात तिकडं त्यांच्या कुरडया वाळायच्या, इकडं माझ्या. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या. "ऊन चांगलं पडलंय" ह्यापलीकडं आमचं बोलणं गेलं नव्हतं. त्या दुपारी मी दोनदा गच्चीवर जाऊन परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"काकू, ऊन चांगलं पडलंय."

"पडलंय की. तीनदा आलीस, ऊनच बघायला का?"

मग माझ्या तोंडातून सगळं एका दमात निघालं. लेक, ओटी, सकाळची गाडी, जिना.

"अगं, पाच दिवस झाले वाट बघून राह्यले मी! म्हणलं, ही विचारते का उडी मारते."

सकाळी दोन्हीकडं स्टूल ठेवून मी भिंत ओलांडली. त्यांचंही पुढचं घर गेलं होतं, त्यामुळं सोफा स्वयंपाकघरात होता आणि काकू त्यावर बसून मेथी निवडत होत्या. मागचा जिना अरुंद आणि दगडी. खाली दार उघडलं तर एक बोळ. हा बोळ माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच जात होता आणि मला तो माहीत नव्हता! भिंतीत लोखंडी कड्या होत्या, टांग्याची घोडी बांधायच्या. आता तिथं बॅटरीच्या रिक्षा वायरी लावून चार्ज होत होत्या. लग्न होऊन आष्टीकडून आले तेव्हा मी स्टेशनवरून टांग्यात आले होते, मागं तोंड करून बसलेली. त्यामुळं जालना मला आधी मागं जातानाच दिसलं होतं. तो टांगा रात्री इथंच येत असेल का?

"स्टेशनला का, मावशी? बसा, जल्दी सोडतो," एक रिक्षावाला वायर काढत म्हणाला.

ह्या रिक्षातही एक बाक मागं तोंड करून असतो. मी मुद्दाम तिथंच बसले.

ओटी छान झाली. लेक मला बघूनच पाटावर बसली.

परत येताना मात्र बोळातल्या त्या दारासमोर माझे पाय अडले. जायचं विचारलं होतं, यायचं विचारायचं राहिलं होतं. हे दुकानात, रस्त्याच्या बाजूला. काकूंना हाक मारावी तर किती मोठ्यानं मारावी? दार नुसतं लोटलेलं होतं. मी बोटानं ढकललं.

वरून काकूंचा आवाज आला, "आलीस का? कडी लावून घे, मांजर शिरतंय आत. चहा टाकलाय. लेक कशी दिसत होती ते आधी सांग, मंग तुझ्या घरी जा."

मी कडी लावली. वर जाऊन सोफ्याच्या कडेला बसले. सांगायला सुरुवात केली, तर माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला.